आमची वाटचाल : आधी रोपं, मग गोणपाट

निफाडजवळ आमची छोटी रोपवाटिका आहे. सुरुवातीला धंदा सरळ होता. पावसाळ्यात बंगल्यांच्या बागा लावून द्यायच्या, पैसे घ्यायचे आणि पुढचं गिऱ्हाईक बघायचं. लावलेल्या झाडाचं पुढं काय झालं, हे बघायला आम्ही कधी फिरकलोच नाही.

2018 च्या डिसेंबरअखेरीस पारा 2 अंशांच्या खाली उतरला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा आमच्याकडे चहाच्या आधी विचारतात. मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षवाले रात्रभर शेकोट्या पेटवून बसले होते. आम्ही हुशारी केली. एका बंगल्यातली जास्वंद, क्रोटन, केळी, सगळं प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळलं. सकाळी सोडलं तर जिथं कागद पानाला टेकला होता, तिथं पान उकडलेल्या पालकासारखं काळपट, लिबलिबीत झालेलं. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

वर आणखी एक चूक. करपलेलं बरं दिसत नाही म्हणून लगेच छाटणी केली. मध्ये जरा ऊब आली, कोवळे फुटवे निघाले आणि फेब्रुवारीच्या लाटेत तेही गेले. नवी झाडं पदरमोड करून दिली.

मग द्राक्षवाल्यांच्याच मागं लागलो. आता दिवाळीनंतर युरिया बंद, छाटणी बंद. बुंध्याशी उसाचं पाचट, पण खोडाला चिकटवून नाही. संध्याकाळी बांबूच्या तिकाट्यावर गोणपाट, पानांना न टेकता. ऊन आलं की काढायचं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर ती रात्र वाईट. गार हवा सखल कोपऱ्यात साचते, म्हणून पपई तिथं लावतच नाही. पहाटे विहिरीचं पाणी सोडतो, ते हवेपेक्षा कोमट असतं.

खरं काम मात्र गिऱ्हाइकाचा हात धरण्याचं. “वाळलंय, काढून टाका,” असे फोन जानेवारीभर येतात. जाऊन नखानं साल खरवडायची. आत हिरवं असेल तर होळीपर्यंत कात्री लावायची नाही. गेल्या वर्षी एकानं विचारलं, “काही करतच नाही, तर पैसे कशाचे?” त्याच्याच बोगनवेलीची साल खरवडून दाखवली. त्याला पटलं. देखभालीचा हप्ता तरीही अर्धाच दिला.