मोहोर ते शिमगा: मालिकांच्या यादीचे पाच आठवडे झाले, दोन उरले

रात्री झोपण्यापूर्वी विसाव्यासाठी बघायच्या मालिकांची यादी संक्रांतीनंतर सुरू केली, तिच्या २६ रात्री आणि ४६ भाग पूर्ण झाले. कलमांच्या पहिल्या मोहोराला वाटाण्याएवढी कणी धरली आहे, उशिराचा मोहोर अजून फुलतोय, पहाटे अजून गोधडी लागते. शिमग्याला दोन आठवडे आहेत. आतापर्यंत काय जमलं, काय वगळलं, कुठे अडलं आणि पुढे काय लावायचं, ते इथे नोंदवतोय.

आधी वेळेचा हिशेब. आठवड्याला पाच रात्री, जेवणं आटोपल्यावर साडेनऊ ते सव्वादहा. म्हणजे २२ ते २५ मिनिटांचे दोन भाग, नाहीतर पाऊण तासाचा एक. तिसरा भाग लावायचा नाही. सगळ्यात जास्त उपयोग या नियमाचा झाला. सलग चार-पाच भाग बघितले की गोष्टी एकमेकींत मिसळतात, कोणत्या भागात काय झालं ते सकाळी आठवत नाही, आणि ३९ भागांची मालिका आठवड्यात संपून पुन्हा नव्याची शोधाशोध सुरू होते. दोनच भाग बघितले की दुसऱ्या दिवशी दुपारी आमसुलं निवडताना त्यावर बोलायला काहीतरी उरतं.

दुसरी अट मालिकेच्या घडणीची. गोष्ट त्या भागातच मिटली पाहिजे. रोजच्या मालिका मुद्दाम लटकत्या ठेवलेल्या असतात. दार उघडतं, चेहरा दिसत नाही, संगीत चढतं आणि भाग संपतो. विसाव्यासाठी त्या कामाच्या नाहीत. आठवड्याला एक भाग या बेताने लिहिलेल्या जुन्या मालिका बघा. लेखकाला प्रेक्षक सात दिवस नीट घरी पाठवायचा असे, म्हणून शेवट बसलेला असतो.

याच कारणाने 'रात्रीस खेळ चाले' यादीत नाही. ती २०१६ ची, चित्रीकरण आकेरीचं, मालवणी कानाला ओळखीची, आणि मालिका म्हणून भक्कम. पण तिचं कामच झोप उडवणं आहे. मालवणीच ऐकायची असेल तर २०१७ ची 'गाव गाता गजाली' लावा. ती कुठूनही सुरू केली तरी चालते, आणि माणसं पारावर बसून बोलतात तशीच बोलतात.

पहिले दोन आठवडे 'मालगुडी डेज'चे २० भाग बघितले. दूरदर्शनवर १९८६ साली आलेली ही मालिका शंकर नाग यांनी दिग्दर्शित केली, आर. के. नारायण यांच्या कथांवरून, आणि तिच्यातली रेखाचित्रं आर. के. लक्ष्मण यांची. चित्रीकरण शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंब्याचं. तिथेही सह्याद्रीचा धो धो पाऊस, त्यामुळे घरं आपल्याकडच्यासारखी: उतरती कौलं, लाकडी खांब, ओटी. कोकणातल्या प्रेक्षकाला ही मालिका परकी वाटतच नाही. नाग यांनी केलेले मूळ भाग ३९, साधारण २२ मिनिटांचे. २००६ मध्ये कविता लंकेश यांनी पुढचे भाग केले, ते वेगळे समजून नंतरसाठी ठेवा. सुरुवात स्वामी या शाळकरी मुलाच्या भागांनी करा आणि ते क्रमाने बघा. मास्टर मंजुनाथचा स्वामी आणि गिरीश कर्नाड यांनी केलेले त्याचे वडील, दोघांचं नातं भागागणिक उलगडत जातं. बाकीचे बहुतेक भाग सुटे आहेत.

एल. वैद्यनाथन यांची सुरुवातीची धून वगळून पुढे जाऊ नका. त्या मिनिटभरात स्वयंपाकघरातलं माणूस हात पुसून बाहेर येतं आणि खोली शांत होते. 'पुढे चला'चं बटण आलं तरी दाबायचं नाही, असं या यादीत ठरलेलंच आहे.

जुन्या मालिका लावताना पहिली चूक चित्राच्या मापात होते. त्या ४:३ मध्ये चित्रित झाल्यात आणि आजचे टीव्ही १६:९ चे. टीव्ही आपणहून चित्र आडवं ताणतो, माणसं बुटकी आणि गालफुगी दिसतात. चित्राच्या सेटिंगमध्ये ४:३ किंवा 'ओरिजिनल' निवडा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या की बरोबर. खात्री करायची तर बैलगाडीचं चाक किंवा भिंतीवरचं घड्याळ येईपर्यंत थांबा. ते गोल दिसलं पाहिजे. 'झूम' निवडलात तर माप बरोबर राहतं, पण डोकी आणि पाय कापले जातात. दुसरं, 'मोशन स्मूदिंग', म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय, बंद करा. वेगवेगळ्या टीव्हीवर त्याला वेगवेगळी नावं असतात, पण ते चालू असलं की जुनं चित्रीकरण घसरल्यासारखं, कालच्या बातम्यांसारखं दिसतं. तिसरं, आवाज. बऱ्याच जुन्या प्रतींत तो एकाच बाजूच्या स्पीकरला येतो. टीव्हीत किंवा व्हीएलसी या व्हिडिओ लावायच्या अॅपमध्ये 'मोनो' केलं की दोन्हीकडून सारखा येतो. रात्री गाज चढली असेल तर आवाज वाढवण्याआधी 'क्लिअर व्हॉइस' लावून बघा, संवाद पुढे येतात आणि शेजारी जागे होत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात 'गुल्लक'चे पहिले दोन सीझन झाले. प्रत्येक सीझन पाच भागांचा, म्हणून पाच रात्रींत दहा भाग नेमके बसले. उत्तरेकडच्या लहान शहरातलं मिश्रा कुटुंब, आणि गोष्ट सांगणारी त्यांच्या घरातली मातीची गुल्लक. भांडणं वीजबिलाची, परीक्षेच्या निकालाची, शेजारणीची. 'पंचायत'ही यादीत घालायचा विचार होता. पहिला सीझन, २०२० चा, आठ भागांचा, अगदी या कामाचा आहे. दुसऱ्याचा शेवटचा भाग मात्र फार जड आहे, तो झोपण्यापूर्वी लावू नका. तिसऱ्यापासून गावातलं राजकारण वर येतं आणि मालिकेचा सूर बदलतो. म्हणून शिफारस पहिल्या सीझनची, आणि दुसऱ्याच्या सात भागांची.

चौथ्या आठवड्यात इंग्लंड: 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल', २०२० पासूनची आवृत्ती. यॉर्कशायर डेल्समधला गुरांचा डॉक्टर, काळ १९३७ चा. पहिल्या सीझनचे नेहमीचे भाग सहा, प्रत्येकी पाऊण तास, म्हणून शनिवारही धरावा लागला. नाताळचा खास भाग वेगळा असतो. ज्यांच्या गोठ्यात गुरं आहेत त्यांना ही मालिका वेगळीच भिडते. गाय अडली की दोरी कुठे बांधायची, शेतकरी डॉक्टरवर विश्वास कधी ठेवतो, फी मागताना जीभ कशी अडखळते, हे सगळं कळतं. त्यातली यॉर्कशायरची बोली पहिले दोन भाग कानाला लागत नाही, तेव्हा इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवा. तिसऱ्या भागापासून बंद केली तरी चालतं.

पाचवा आठवडा 'मिडनाइट डायनर: टोकियो स्टोरीज', २०१६ चा सीझन, दहा भाग, प्रत्येकी सुमारे २५ मिनिटं. टोकियोच्या एका गल्लीत रात्री बाराला उघडून सकाळी सातला बंद होणारी छोटी खानावळ. फळ्यावर पदार्थ एकच, पण जवळ जिन्नस असतील तर मालक मागाल ते करून देतो. प्रत्येक भाग एका पदार्थाचा आणि तो मागणाऱ्या माणसाचा. सुरुवातीला रात्रीच्या रस्त्यावरचे दिवे सरकतात, मग तव्यावर मांस परततं, भाज्या पडतात, पाणी ओतल्यावर वाफ कॅमेऱ्यापर्यंत येते. त्यावर मालकाची मोजकी वाक्यं, तीही सावकाश. पूर्ण यादीत अंग सैल करणारी याहून चांगली सुरुवात नाही. डबिंग नको, जपानी आवाजच ठेवा. मालकाच्या बोलण्यातल्या विरामांत अर्धी गोष्ट असते आणि डबिंगमध्ये नेमके तेच भरून टाकतात.

ज्यांना गोष्टही नको असेल त्यांनी नॉर्वेच्या एनआरके या सरकारी वाहिनीचा बर्गन ते ऑस्लो रेल्वेप्रवास बघावा. २००९ मध्ये दाखवलेला, सात तासांहून मोठा. एका वेळी अर्धा तास पुरे. बोगदे आणि बर्फ आलटून पालटून येतात, रत्नागिरीपुढे खिडकीशी बसल्यासारखं वाटतं.

आता तांत्रिक अडचणी. या दिवसांत सगळ्यात जास्त बिघाड डिशचा निघाला, आणि बहुतेक वेळा कारण एकच: खारा वारा. दूरदर्शनच्या जुन्या मालिका डीडी फ्री डिशवर बघणाऱ्यांनी हे नीट तपासा. चित्र चौकोनी तुटतं, संध्याकाळी दंव पडल्यावर जास्त, दुपारी ठीक. असं असेल तर एलएनबीजवळचा (डिशसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा) एफ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची जोडणी, खोला. आत हिरवट-पांढरी पूड दिसेल. केबलची मधली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. मुलामा खरवडला गेला की ती गंजते आणि सिग्नल गळतो. नुसतं पुसून भागत नाही. केबल १५ सेंटीमीटर मागे कापा. मधल्या तारेभोवतीची धातूची जाळी काळी असेल तर आणखी मागे जा, चकचकीत जाळी लागेपर्यंत. नंतर वरचं आवरण सोला, जाळी मागे दुमडा आणि जाळीचा एकही तंतू मधल्या तारेला शिवत नाही ना ते उजेडात धरून बघा. तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर यावी. पिरगाळून बसवायचा कनेक्टर समुद्रालगत एक पावसाळाही काढत नाही, दाबून बसवायचा घ्या. वरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे पाणी घडीत शिरत नाही. साधी इन्सुलेशन टेप उन्हाने सुटते आणि आत ओल धरून ठेवते. शेवटी केबलला भिंतीत शिरण्यापूर्वी खाली एक झोळ द्या. पाणी तिथून गळतं, घरात येत नाही.

दुसरं कारण माड. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. रत्नागिरीहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर येतो. डिशच्या पातळीपासून १५ मीटर उंच माड त्या दिशेला नऊ मीटरच्या आत असेल तर झावळ्या आड येतात, वारा सुटला की चित्र जातं-येतं. अशा वेळी कनेक्टर बदलून फरक पडत नाही, डिश सरकवावी लागते. डिश दिसायला कमी उचललेली असते, तिची मान बघून दिशा ठरवू नका.

एक बिघाड मात्र बिघाड नसतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य उपग्रहाच्या थेट मागे येतो, आणि आपल्याकडे सकाळी अकरानंतर काही मिनिटं चित्र पूर्ण जातं. ओळीने काही दिवस असं होतं. काहीही खोलू नका.

पेन ड्राइव्हवाल्यांसाठी दोन गोष्टी. पेन ड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही, तो एक्सफॅट करा, पण आधी टीव्ही ते वाचतो का ते एक लहान फाइल टाकून बघा. मराठी उपशीर्षकांची एसआरटी फाइल यूटीएफ-८ या अक्षरांच्या एन्कोडिंगमध्ये साठवा आणि नाव व्हिडिओच्या नावाशी तंतोतंत जुळवा. तरीही काही टीव्ही पहिली वेलांटी अक्षराच्या मागे टाकतात, जोडाक्षरं फोडतात. तो टीव्हीच्या प्रणालीचा दोष आहे, फाइल पुन्हा पुन्हा बदलून उपयोग नाही. फोनवर व्हीएलसीमध्ये लावून एचडीएमआयने टीव्हीला जोडा.

वीज गेली तर काळजी नको. ३२ इंची एलईडी टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि राउटर मिळून साधारण ८० वॉट. १५० एएचची चांगली बॅटरी अर्धी वापरली तरी दोन भाग सहज निघतात. पंखा तसाही लागत नाही.

उरलेले दोन आठवडे 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चे, २० भाग. अल्फा मराठीवर २००१ मध्ये सुरू झालेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली, दिलीप प्रभावळकर यांच्या 'अनुदिनी'वरून. ती शेवटी ठेवण्याचं कारण आहे. शिमग्याला चाकरमानी येतात, खोलीत चाराच्या जागी बारा माणसं होतात, त्यातली कोणी सुरुवातीपासून बघितलेलं नसतं. टिपऱ्यांचं घर कोणालाही लगेच कळतं: आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका, बस्स. पाच मिनिटांत नवा प्रेक्षक रुळतो. आजोबांना नातवंडांचं वागणं पटत नाही, तरी ते त्यांच्या बाजूने उभे राहतात, हे बघताना तीन पिढ्या एकाच वेळी हसतात. मुलं जास्त असतील तर एखाद्या रात्री 'गोट्या' लावा. 'बीज अंकुरे अंकुरे' सुरू झालं की मोठी माणसंही गुणगुणायला लागतात.

बारा माणसांसाठी टीव्ही भिंतीवर असेल तर ठीक, टेबलावर असेल तर खाली पाट घालून वर उचला, म्हणजे जमिनीवर बसलेल्यांच्या मागे खुर्च्या मांडता येतात. ट्यूबलाइट बंद, पडवीतला एक पिवळा दिवा चालू.

पालखी घरी येईल त्या रात्री आणि होळीच्या रात्री टीव्ही बंद. 'मालगुडी'चे उरलेले १९ भाग जूनसाठी राखून ठेवलेत, पहिला पाऊस कौलांवर वाजायला लागेल तेव्हासाठी.