नागपूर ते सिएटल: पर्समधली टेप आणि तीन विमानं

निघायच्या आदल्या रविवारी नातवाने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आजी, तू सगळ्यात मोठ्या विमानातून येणार ना?" मी लगेच हो म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र विचारात पडले, कारण मोठं म्हणजे नेमकं काय? लांबीला मोठं, माणसं जास्त नेणारं, की न थांबता सगळ्यात लांब जाणारं?

लेकीने काढलेली तिकिटं पाहिली आणि मला आनंदच झाला. नागपूर ते मुंबई एअरबस ए३२० निओ, मुंबई ते दुबई ए३८० आणि दुबई ते सिएटल बोइंग ७७७-३००ईआर. एकाच प्रवासात तीन जातींची विमानं! बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा अंतरं मोजायची सवय आहेच. शिवणाची टेप आणि एक वही पर्समध्ये टाकली. ठरवलं की प्रत्येक विमानात सीटच्या दोन हातांमधली जागा मोजायची आणि लांबी, माणसं, पल्ला असे रकाने आखून सगळं लिहून काढायचं.

विमानांचं हे वेड बाबांकडून आलंय. ते टपाल खात्यात होते. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्री चारही विमानं नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यायची. टपालाच्या थैल्या या विमानातून त्या विमानात जायच्या आणि उजाडायच्या आत विमानं आपापल्या गावी परत. बाबा सांगायचे, सुरुवातीला ती डाकोटा विमानं होती. आमच्या घरी 'डाकोटा' हा शब्द कुणा नातलगाचं नाव घ्यावं तसा घेतला जायचा.

पहिला टप्पा नेहमीचा. नागपूर–मुंबई जेमतेम ७०० किलोमीटर. ए३२० निओची लांबी साडेसदतीस मीटर, आपल्याकडे त्यात १८० ते १८६ सीट असतात, आणि पल्ला सहा हजार किलोमीटरच्या वर. म्हणजे हे विमान एका दमात नागपूरहून युरोपच्या दारापर्यंत जाऊ शकतं. आपण त्याला दिवसभर मुंबई, दिल्ली, बंगळूर असं फिरवतो. त्याचा खरा गुण तोच आहे. उतरायचं, अर्ध्या तासात माणसं बदलायची, पुन्हा उडायचं. सीटला टेप लावली, अठरा इंच भरली. बोइंग ७३७ मध्ये याहून साधारण इंचभर कमी मिळते. त्याचं कारण जुनं आहे: ७३७च्या धडाची रुंदी १९५०च्या दशकातल्या ७०७ वरून आली, आणि एअरबसने १९८०च्या दशकात ए३२० आखताना धड जरा रुंद घेतलं. हे अठरा इंच ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.

मुंबईला टर्मिनल दोनच्या काचेतून ए३८० पहिल्यांदा समोर पाहिलं. माथा इतका उंच की नाक बसकं वाटतं. शेपटीचं टोक २४ मीटरवर, म्हणजे आठमजली इमारत. पंखांचा पसारा ७९.७५ मीटर, आणि या आकड्यातच एक गोष्ट दडलेली आहे. विमानतळांनी मोठ्या विमानासाठी ८० मीटर बाय ८० मीटरची चौकट ठरवलेली होती. एअरबसच्या इंजिनिअरांनी त्या चौकटीत बसेल एवढाच पंख आखला, पाव मीटर राखून. एवढ्या वजनाला खरं तर आणखी लांब पंख मानवला असता. घराच्या दारातून जाईल असं कपाट सुताराकडून करून घ्यावं, तसंच हे.

आत शिरल्यावर खालच्या मजल्यावर ३-४-३ अशी रांग. टेप लावली, अठराच्या आसपास. पाचशेहून अधिक माणसं घेणारं विमान आणि एकशेऐंशीचं ए३२०, माझ्या वाट्याला आलेली जागा सारखीच. परवान्याप्रमाणे ए३८० मध्ये ८५३ प्रवासी बसवता येतात. त्यासाठी २००६ साली हॅम्बुर्गला चाचणी झाली होती. अंधार केला, सोळापैकी आठच दारं उघडू दिली, आणि ८५३ प्रवासी व २० कर्मचारी ७८ सेकंदांत घसरगुंड्यांवरून खाली आले. शाळेत आम्ही आगीचा सराव घ्यायचो तेव्हा एक वर्ग मैदानात आणायला याहून जास्त वेळ लागायचा. म्हणून हा आकडा मला सगळ्यात मोठा वाटतो, ५७५ टनांच्या वजनापेक्षाही.

उड्डाण अगदी हळू वाटलं. धावपट्टीवर पळतंय की चालतंय कळू नये, आणि मग घर उचलल्यासारखं ते वर गेलं. आतला आवाज इतका कमी की मागच्या रांगेतल्या आजोबांचं कुजबुजणं ऐकू येत होतं.

पण बघा, या विमानाचा पल्ला सुमारे पंधरा हजार किलोमीटर आणि मुंबई–दुबई दोन हजारही नाही. मग एवढा हत्ती तीन तासांच्या वाटेवर का? मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं चालवता येत नाहीत. उतरण्या-उडण्याच्या वेळा तोलूनमापून मिळतात. अशा ठिकाणी मिळालेल्या एका वेळेत जितकी जास्त माणसं नेता येतील तितकी बरी. ए३८० याच विचारातून जन्मलं: मोठ्या शहरांमधली गर्दी एका मोठ्या नाक्यावर आणायची आणि तिथून चहूकडे वाटायची.

दुबईला रात्री उतरले आणि तो नाका डोळ्यांनी पाहिला. मध्यरात्र उलटून गेलेली, पण गर्दी भर दुपारच्या सीताबर्डीसारखी. कोची, ढाका, लाहोर, मुंबईहून आलेली माणसं लंडन, न्यूयॉर्क, सिएटलच्या फाटकांकडे निघालेली. मी एका बाकावर बसले आणि मला बाबांचं सोनेगाव आठवलं. चार दिशांची विमानं, मधे एक गाव, मध्यरात्रीची अदलाबदल. टपालाच्या थैल्यांच्या जागी आता आम्ही होतो. ही युक्ती नागपूरने दुबईच्या किती आधी करून दाखवली! त्या रात्री मला फार अभिमान वाटला आणि तो सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

तिसरं विमान ७७७-३००ईआर. फाटकाच्या काचेतून त्याचं इंजिन दिसत होतं आणि एक कामगार त्याच्या तोंडाशी उभा होता. त्याने हात वर केला तरी वरच्या कडेला लागला नसता. या जीई-९० इंजिनाच्या पंख्याचा व्यास सव्वातीन मीटर आहे. बाहेरचं आवरण धरलं तर ते ७३७च्या अख्ख्या धडाएवढं रुंद भरतं. आणि अशी दोनच इंजिनं ३५१ टनांचं विमान उचलतात.

वहीत लांबी लिहिताना मात्र थबकले. ७७७-३००ईआर ७३.९ मीटर, ए३८० ७२.७ मीटर. म्हणजे ज्याला आपण सगळ्यात मोठं म्हणतो ते लांबीला या दोन इंजिनांच्या विमानाहून मीटरभर आखूड! नातवाचा प्रश्न पहिल्याच रकान्यात अडला.

सीटवर बसून टेप लावली. सतरा इंच. हे विमान आधी एका रांगेत नऊ सीट धरून आखलं होतं, पुढे बऱ्याच विमान कंपन्यांनी त्याच रुंदीत दहा बसवल्या. त्यामुळे पहिल्या दोन विमानांत मिळून अठरा इंचांत साडेचार तास आणि इथे सतरा इंचांत साडेचौदा तास असा हिशेब होतो. पासष्टीच्या गुडघ्यांना आणि खांद्यांना तो एक इंच फार ओळखीचा होतो. लांबच्या प्रवासाचं तिकीट काढताना किमतीबरोबर विमान कुठलं आणि रांगेत सीट किती हेही जरूर पाहावं, असं मी आता ओळखीच्या सगळ्यांना सांगते.

दुबई–सिएटल अंतर सुमारे ११,९०० किलोमीटर. दुबई ५५ अंश पूर्वेला, सिएटल १२२ अंश पश्चिमेला. बेरीज १७७. भूगोलाच्या मास्तरणीला एवढं पुरे. दोन्ही गावं पृथ्वीगोलाच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत, म्हणजे सगळ्यात जवळची वाट उत्तर ध्रुवावरून जाते. समोरच्या पडद्यावर विमान उत्तरेचा रोख धरून निघालं, तशी मी सरसावून बसले. इतकी वर्षं पोरांपुढे गोलावर दोरा ताणून हेच दाखवत होते. नवव्या तासाला खिडकीचं झाकण अलगद वर केलं. खाली पांढरं, आणि त्या पांढऱ्यात काळ्या-निळ्या भेगा. मे महिना, सूर्य मावळायचं नाव नाही. सगळं विमान झोपलेलं होतं. मी बराच वेळ कपाळ खिडकीला टेकवून बसले होते.

अशा ठिकाणावरून दोन इंजिनांच्या विमानाने जाणं पूर्वी शक्यच नव्हतं. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर साठ मिनिटांत विमानतळ गाठता आला पाहिजे, असा नियम होता. १९८५ मध्ये तो १२० मिनिटांवर गेला, १९८८ मध्ये १८०वर, आणि ७७७ १९९५ साली सेवेत आलं तेच १८० मिनिटांची मुभा घेऊन. पुढे ही मुभा ३३० मिनिटांपर्यंत गेली. इंजिनं इतकी भरवशाची झाली की चार इंजिनांची गरज उरली नाही, आणि चार इंजिनांचं पोट भरणं परवडेनासं झालं. ए३८० मागे पडलं ते यामुळे. एकूण २५१ बनली, शेवटचं डिसेंबर २०२१ मध्ये दिलं गेलं.

पल्ल्याचं गणितही मी याच विमानात वहीवर मांडलं. ७७७-३००ईआर टाक्या भरून १,८१,००० लिटर इंधन घेतं, म्हणजे साधारण १४५ टन. एकूण वजनाच्या चाळीस टक्के नुसतं इंधन! त्यातलं बरंचसं पुढच्या तासांचं इंधन वाहून नेण्यातच जळतं. घाटात पाण्याचा हंडा घेऊन चढणाऱ्या बाईला वाटेत पाणी जास्त लागावं, तसं. म्हणून खूप लांब जायचं तर माणसं कमी करावी लागतात. याचं धाकटं भावंड ७७७-२००एलआर दहा मीटरने आखूड. २००५ मध्ये त्याने हाँगकाँगहून उलट्या वाटेने, म्हणजे पूर्वेकडून, लंडन गाठलं, २१,६०२ किलोमीटर न थांबता. पण विक्री साठाच्या आसपासच झाली, आणि ३००ईआर आठशेच्या वर गेलं. इतक्या लांबच्या वाटा जगात मुळात थोड्याच आहेत. आपल्या मुंबई–सॅन फ्रान्सिस्को आणि बंगळूर–सॅन फ्रान्सिस्को या त्यातल्याच, आणि एअर इंडियाने तिथे २००एलआर वापरलंय.

सिएटलला पोचल्यावर दोन दिवस झोपेत गेले, ते सोडून देते. तिसऱ्या दिवशी लेक, जावई, नातू आणि मी बोइंग फील्डजवळच्या म्युझियम ऑफ फ्लाइटला गेलो. मोठ्या छपराखाली जगातलं पहिलं ७४७ उभं आहे, 'सिटी ऑफ एव्हरेट', ९ फेब्रुवारी १९६९ला उडालेलं. आमच्या पिढीला जम्बो म्हणजे एअर इंडिया. १९७१ साली आपलं पहिलं जम्बो आलं, खिडक्यांभोवती झरोक्यांच्या लाल महिरपी रंगवलेल्या. बाबांनी त्याचं चित्र असलेलं कॅलेंडर वर्ष संपलं तरी भिंतीवरून काढलं नव्हतं. त्या जम्बोलाही मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना लंडनला थांबावं लागायचं.

जम्बोच्या डोक्यावर उंचवटा का, हे मी नातवाला सांगितलं. तेव्हा सगळ्यांना वाटायचं की पुढे माणसं आवाजाहून वेगवान विमानांनी जातील आणि जम्बो माल वाहील. मालासाठी नाकाचा दरवाजा उघडता यावा म्हणून कॉकपिट वर नेलं. आणि ते वेगवान विमान, कॉन्कॉर्ड, तिथेच जवळ उभं आहे! ६२ मीटर लांब आणि सीट शंभर. आत दोन-दोनच्या रांगा, खिडक्या एवढ्याशा. नातवाने तळहात समोर धरून पाहिला, खिडकी जवळजवळ तेवढीच. हेच कॉन्कॉर्ड नोव्हेंबर २००३ मध्ये न्यूयॉर्कहून इथे ३ तास ५५ मिनिटांत आलं आणि इथेच राहिलं.

शेजारी ७८७ ड्रीमलायनर, चाचणीच्या काळातलं तिसरं. ५७ मीटर, म्हणजे कॉन्कॉर्डहून आखूड, पण अडीचशेच्या आसपास माणसं घेणारं आणि १३,००० किलोमीटरच्या वर जाणारं. मोठ्या नाक्यावर न थांबता मधल्या गावाहून मधल्या गावी थेट जाता यावं, हा त्याचा विचार. ए३८०च्या नेमका उलटा. आत चालताना मी जावयांना सांगितलं की ७८७-९ या मोठ्या भावंडाच्या जमिनीखालच्या तुळया आमच्या नागपुरात, मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बनतात. लोखंड नाही, ॲल्युमिनियम नाही, कार्बनच्या धाग्यांची तुळई. जावई रोज याच शहरात विमानं पाहतात, पण हे त्यांना माहीत नव्हतं. "खरंच, आई?" म्हणून त्यांनी पायाखाली पाहिलं.

नातू वही मागत होता. "मग सगळ्यात मोठं कोणतं?" मी सांगितलं, प्रवासी नेणाऱ्यांत लांबीला ७४७-८, ७६.३ मीटर. पंखांना आणि माणसांना ए३८०. आणि पल्ल्याला ए३५०-९०० यूएलआर, सिंगापूरहून न्यूयॉर्कला पंधरा हजार किलोमीटर थेट जाणारं, पण त्यात माणसं किती? १६१ फक्त. आपल्या नागपूर–मुंबईच्या विमानाहूनही कमी. तो जरा हिरमुसला, मग त्याने तिन्ही नावांपुढे एकेक चांदणी काढली.

निघताना मुख्य दालनात मान वर केली आणि पाय थबकले. छताला टांगलेलं डीसी-३. म्हणजे डाकोटाच. दोन पंखे, चकचकीत अंग, ए३८०च्या एका पंखाखाली सहज मावेल एवढं. आयुष्यभर नाव ऐकलं आणि पाहिलं ते पासष्टाव्या वर्षी, सिएटलला. मी नातवाला पणजोबांच्या थैल्यांची, चार दिशांची, मध्यरात्रीच्या सोनेगावची गोष्ट सांगितली. त्याने जमिनीवर बसून वहीत नवी ओळ आखली. वाकड्या मराठी अक्षरांत लिहिलं: डाकोटा, लांबी साडेएकोणीस मीटरच्या वर, माणसं एकवीस. पल्ल्याच्या रकान्यात किती लिहू म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी बोलायच्या आत स्वतःच लिहून टाकलं, 'नागपूर'.