५४ मुले, दोन चेंडू आणि ३५ मिनिटे

सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवतो. सातवीच्या तुकडीच्या पटावर ६० नावे आहेत आणि साधारण ५४ मुलेमुली हजर असतात. तासिका ३५ मिनिटांची असते आणि ती आठवड्यातून दोनदा येते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या आठवड्याच्या दोन्ही तासिका मिळून ७० मिनिटे भरतात, आणि तेवढा वेळही मुले प्रत्यक्षात हलत नव्हती, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे जावी लागली.

त्या दिवशी मी खो-खो लावला होता. हाताला प्लॅस्टर घातलेली एक मुलगी कडुनिंबाखाली बसली होती. तिला रिकामे बसवू नये म्हणून एका मैत्रिणीवर लक्ष ठेवून ती किती वेळ पळते ते लिहून ठेवण्यास मी तिला सांगितले आणि माझे घड्याळ तिच्याकडे दिले. तासिका संपल्यावर तिने दिलेल्या कागदावर लिहिले होते : दोन मिनिटे दहा सेकंद. मी स्वतः खो-खो खेळलेला माणूस असल्याने तो आकडा मला झोंबला. पण हिशेब केला तर त्यात चूक नव्हती. पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ चौकोनांत बसलेले असतात, एक धावतो, आणि बचावाचे गडी तीन-तीनच्या तुकडीने आत येतात. म्हणजे कोणत्याही क्षणी मैदानावर पळणारे चारच जण, आणि माझ्या वर्गातील उरलेले पन्नास बसलेले किंवा बघत उभे. सामन्यासाठी ही रचना उत्तमच आहे. तासिकेसाठी मात्र ती परवडत नाही.

सहा-सहा जणांचे नऊ गट करायचे असे ठरवले आणि पहिल्याच दिवशी तोंडघशी पडलो. 'आपापले गट करा' असे सांगितल्यावर दहा मिनिटे केवळ रुसव्याफुगव्यांत गेली आणि शेवटी चार मुले कोणालाच नको म्हणून माझ्याजवळ उभी राहिली. ते दृश्य मला पुन्हा पाहायचे नव्हते. पुढच्या वेळी टॉवेलच्या कापलेल्या रंगीत किनारी मनगटाला बांधून गट पाडले. एका पालकांनी कारखान्यातून पोतेभर चिंध्या पाठवल्या होत्या, त्यांतल्याच या किनारी. उरलेल्या चिंध्यांना सुतळी गुंडाळून आम्ही चेंडू केले. चिंध्यांचा चेंडू उसळत नाही आणि फार लांब घरंगळतही नाही, त्यामुळे तो कंपाउंडच्या भिंतीपलीकडे जात नाही. शिवाय तो आपटत पुढे नेता येत नसल्याने पास दिल्यावाचून गत्यंतर नसते. शाळेच्या दोन रबरी चेंडूंपेक्षा तो मला अधिक उपयोगी वाटू लागला.

गट चार खेळांतून फिरतात आणि प्रत्येक खेळाला सहा मिनिटे मिळतात. एका कोपऱ्यात छोटा खो : चार जण बसलेले, एक पाठलागाला, एक पळणारा, आणि दोन्ही टोकांना खांबांऐवजी रांगोळीची वर्तुळे. दुसरीकडे शहाबादी फरशीच्या तुकड्यांची लगोरी, तिसरीकडे आखलेल्या चौकोनात लंगडी आणि चौथीकडे तीन विरुद्ध तीन असे पासचे खेळ.

तरीही एक गोष्ट सुटली होती. पासच्या खेळात एका गटप्रमुखाने एका मुलाला 'तू लिंबूटिंबू' म्हणून बाजूला उभे केले होते. एरवी या शब्दात माया असते, लहान भावंडालाही खेळात घेण्याची ती आपली जुनी सोय आहे; पण इथे तेरा वर्षांचा मुलगा चेंडूची वाट पाहत उभा होता. मी नियम बदलला : तिघांच्याही हातून चेंडू गेल्याशिवाय गुण नाही. त्यानंतर त्याला पास देणे ही त्याच्याच संघाची गरज झाली.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली, हजेरी निम्म्यावर आली आणि नेमके गटप्रमुखच गैरहजर राहू लागले. तेव्हापासून कायमचा गटप्रमुख ही पद्धत बंद केली. दर खेळाला नवा प्रमुख असतो. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन चढू लागल्यावर लगोरी आणि लंगडी इमारतीच्या सावलीत हलवली. गोंगाटाची तक्रार शेजारच्या वर्गातून अजूनही येते आणि ती रास्त आहे; नऊ गट म्हणजे नऊ ठिकाणचा आरडाओरडा, आणि त्यावर माझ्याकडे अजून उपाय नाही.

पास मोजण्याचे काम मुलांकडेच असते. अनेकांच्या घरी तेलुगू बोलतात, त्यामुळे खेळाच्या भरात मोजणीही 'ओकटी, रेंडू, मूडू' अशीच होते. त्यांच्याबरोबर मोजता यावे म्हणून मीही दहापर्यंत शिकलो आहे. अकरावा पास झाला की मला मराठीवर यावे लागते. मुले तेवढ्यापुरती हसतात आणि चेंडू पुढच्या हातात गेलेला असतो.