मसुऱ्याकडच्या व्हाळात काळुंदर आणि तांबोशी

जानेवारीत आजोळी गेलो होतो. सिंधुदुर्गातली गड नदी कालावलच्या खाडीला मिळायच्या आधी मसुऱ्याच्या परिसरात तिला बरेच लहान व्हाळ, म्हणजे ओढे, येऊन मिळतात. त्यातल्याच एका व्हाळावर एक दिवस गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, बसलो. रुंदी जेमतेम दहा हात, एका काठाला तिवरं, दुसऱ्या काठाला जांभ्याचा बांध आणि वर जुना साकव, म्हणजे छोटा पूल.

सकाळीच गरी, म्हणजे गळ, टाकली. तासभर काही नाही. मामा शेतातून येताना म्हणाला, "सुकतीक गरी टाकून काय गावाचा नाय रे, भरती येवंदे."

सुकती म्हणजे ओहोटी. इथे सगळा खेळ भरतीचा आहे, म्हणून जायच्या आधी कॅलेंडर बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. त्या दिवशी पंचमी होती, म्हणजे पावणेचार. पूर्ण भरतीच्या आधीचे तीन तास हातचे सोडू नका. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, फार वर चढत नाही. तेव्हा व्हाळापेक्षा खाडीचा काठ बरा.

पाणी फिरलं आणि बांधाच्या कपारीत काळुंदर हे खाडीतले मासे दिसू लागले. त्यांचं तोंड लहान असतं, म्हणून गरी बारीक हवी, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) पातळ आणि आमिष वाटाण्याएवढं: कणकेचा गोळा किंवा गांडुळाचा तुकडा. चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, काठी पुरते. सात मिळाले, त्यातले तीन तळहातापेक्षा लहान होते, ते सोडले. काळुंदराची जोडी अंडी आणि पिल्लं राखत बसते. पिल्लांचा थवा घेऊन फिरणारी जोडी दिसली तर तिथे गरी टाकू नका.

तांबोशी हा दुसरा मासा मात्र साकवाच्या सावलीत, खांबाला लागून. जिवंत कोळंबी लावली आणि अर्ध्या किलोची एक आली. तांबोशी आमिष खाल्लं की लगेच खांबाकडे पळते, तेव्हा दोर ढिला सोडायचा नाही. त्यानंतर जे लागलं त्याने तंगूसच तोडली. पाण्याबाहेर उडी मारली तेव्हा दिसलं, जिताडा होता. त्याच्या गालफडाची कड पात्यासारखी असते, म्हणून गरीच्या वर वीतभर जाड तंगूस बांधा आणि गालफडात बोटं घालू नका. शेंगटी हा काटेरी मासा लागला तर काटा चिमट्याने मोडून मगच गरी काढा, तो टोचला तर दिवसभर ठणकतो.

चिखलात चप्पल राहत नाही, जुने बूट घाला. गावात विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका, कोकणातल्या काही नद्यांत मगरी आहेत.

आणि पहिल्या पावसात जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै समुद्रातल्या यांत्रिक नौका बंद असतात, पण गाभोळीने (अंड्यांनी) भरलेले चढणीचे मासे व्हाळ चढतात तेव्हा त्यांना राखायला तिथे कुणी नसतं. दोन वर्षांपूर्वी याच व्हाळाच्या वरच्या कोंडीत, म्हणजे खोल डोहात, कुणीतरी ब्लिचिंग पावडर टाकली होती. बोटभर पिल्लंसुद्धा उलटी तरंगत होती. यंदा त्या कोंडीत मला एकही मासा दिसला नाही. तुम्ही गेलात तर साकवाच्या खालच्या अंगालाच बसा, वरची कोंड अजून काही वर्षं तशीच राहू द्या.