बोक्याची शुगर आणि फ्रिजच्या दारातले दोन डबे

आमच्या फ्रिजच्या दारात अंड्यांच्या खालच्या कप्प्यात दोन डबे असतात. एक आईचा, एक बोक्याचा. बोक्याच्या डब्यावर मी मार्करनं मिशा काढल्यात. का काढल्यात ते पुढं येईल, त्यात चूक माझीच आहे आणि खरं तर ती सांगायची म्हणूनच लिहायला बसलोय.

बोका म्हणजे गुंड्या. वय दहा, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, दिवसभर सोफ्यावर लोळणार. आम्ही बेळगावच्या शहापुरात राहतो, खाली घरमालकीण काकू, वर आम्ही, आणि गल्लीतल्या चार घरांत ह्याचं उधारीचं खातं. साडेसहा किलोचा होता तेव्हा येणारा जाणारा कौतुक करायचा, काय गुटगुटीत आहे म्हणून. गेल्या पावसाळ्यात तो बारीक व्हायला लागला तर आम्हाला आनंद झाला बघा, म्हणलं वजन उतरालंय. खाणं मात्र दुप्पट, आणि पाणी असं प्यायचा की बाथरूमच्या बादलीवर पुढचे दोन पाय ठेवून पाच पाच मिनिटं उभा. त्याच्या शी-शूच्या घमेल्यातली वाळू आधी दोन दिवस चालायची ती संध्याकाळपर्यंत नुसता चिखल. पण कळलं ते मुंग्यांमुळं. एका सकाळी आई झाडत होती, घमेल्यापासून दारापर्यंत मुंग्यांची रांग. आईला स्वतःला बारा वर्षं शुगर आहे, तिनं झाडू तिथंच ठेवला आणि म्हणाली, "ह्याला साखर झालीया रे." मी हसलो. मांजराला कुठली शुगर.

दवाखान्यात ४१२ निघाली. डॉक्टर मात्र त्या एका आकड्यावर काही बोलले नाहीत, कारण मांजर नुसतं घाबरलं तरी त्याची शुगर तीनशेच्या वर जाऊ शकते, आणि गुंड्या तर टोपलीतून रिक्षात बसल्यापासून बोंबलत होता. लघवी तपासली, त्यात पण साखर. मग फ्रुक्टोसामाईन म्हणून एक टेस्ट, तिच्यात मागच्या दोन-एक आठवड्यांचा अंदाज कळतो, माणसांची तीन महिन्यांची एचबीएवनसी टेस्ट असते ना, तसं. तेव्हा नक्की झालं. शिवाय तो मागच्या पायांची टाच टेकवून अस्वलासारखा चालायला लागला होता, ते आम्ही म्हातारपणावर घातलेलं, ते पण शुगरनंच. पायाच्या नसांवर परिणाम होतो.

घरी आल्यावर आईचं सुरू झालं की मी त्याला कुंदा (आमची बेळगावची खव्याची मिठाई) दिला, माझ्यामुळं झालं. तिला सांगितलं की वजन, वय, बोका असणं, ऑपरेशन, दिवसभर बसून राहणं, ही सगळी कारणं आहेत, आणि मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही. खरंच नाही कळत, गोड ओळखायला लागणारा एक जीनच त्यांच्यात निकामी झालेला असतो, २००५ साली हे शोधून काढलंय. त्याला कुंद्यात आवडतो तो खवा. आई दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "बेळगावात जन्माला येऊन कुंद्याची चव कळत नाही, काय ते नशीब."

इन्सुलिन चालू झालं ग्लार्जिन, दिवसातून दोनदा, बारा बारा तासांनी, एक एक युनिट. हा आमच्या बोक्याचा डोस, तुमच्या मांजराचा तुमचे डॉक्टर ठरवतील. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी बघितली, नाव विचारलं, मी गुंड्या सांगितलं, वय सांगितलं दहा, तो हळहळला, एवढ्या लहान पोराला. मी म्हणलं पोरगं नव्हे, बोका. "बेक्किग?", म्हणजे मांजराला?, असं कन्नडमध्ये करून त्यानं आतल्या माणसाला हाक मारून बाहेर बोलावलं, नुसतं मला बघायला.

सुईची भीती मला पहिले चार दिवस होती, गुंड्याला एकही दिवस नव्हती. सुई केसासारखी बारीक असते. तो वाटीत तोंड घालून खात असतो तेव्हा खांद्याच्या मागची कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारखी झाली की खालच्या बाजूनं सुई घालायची, हळू दाबायचं, झालं. रोज एकाच जागी नाही, कधी डावीकडं, कधी उजवीकडं, कधी कुशीवर. माझी गडबड वेगळीच व्हायची, सुई कातडीच्या ह्या बाजूनं जाऊन त्या बाजूनं बाहेर, आणि औषध सगळं केसांत. ते ओळखायचं नाकानं. इन्सुलिनला एक वास असतो, जखमेला लावायच्या पट्टीसारखा, केसांवरनं बोट फिरवून हुंगलं की कळतं. आणि तसं झालं तर परत टोचायचं नाही. किती आत गेलं ते माहीत नसतं, म्हणून तो डोस गेला म्हणून सोडून द्यायचा. एक वेळ शुगर वर राहिली तर चालतं, एकदम खाली गेली तर मांजर हातचं जातं.

आता माझी चूक.

आईचं इन्सुलिन बाटलीतलं, एका मिलीत ४० युनिट, त्याच्या सिरिंजला लाल टोपी. गुंड्याचं ग्लार्जिन एका मिलीत १०० युनिट, त्याची सिरिंज वेगळी, नारिंगी टोपीची. विसर्जनाच्या दिवशी सकाळी घरात पंधरा माणसं, पुण्याची मावशी, तिची नातवंडं, एक जण आंघोळीला पाणी मागतंय, एक जण ताट, आणि नारिंगी सिरिंजचं पाकीट संपलेलं. मी आईच्या डब्यातली लाल टोपीची उचलली, एकच्या रेघेपर्यंत भरली आणि टोचली. रेघ तर एकचीच होती ना. पण ती रेघ ४० वाल्या इन्सुलिनची, तेवढ्या जागेत १०० वालं भरलं की अडीच युनिट होतात. म्हणजे अडीचपट डोस. हा हिशोब मला त्या वेळी येत नव्हता असं नाही, डोक्यातच आला नाही.

दुपारी एकच्या सुमाराला मावशीचा नातू सांगायला आला, मांजर दारू प्यालंय. कपाटाच्या मागं गुंड्या, उठायला गेला की कमरेतून कलंडतोय, डोळे नुसते काळे, हाक मारली तर दुसरीकडंच बघतोय. शुगर बघायला कान टोचला, ३८. माणसाच्या मीटरवर मांजराचा आकडा जरा कमीच येतो, पण ३८ म्हणजे वाद घालायची वेळ नव्हे. आईनं देवघरातली पंचामृताची मधाची बाटली आणली, मी बोटाला मध लावून त्याच्या हिरड्यांना चोळला, परत लावला, परत चोळला. तोंडात ओतायचा नाही, श्वासात जातो. दहा मिनिटांनी त्यानं माझं बोट चावलं आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग थोडं खायला घातलं आणि स्कूटरवरनं दवाखाना, मिरवणुकीसाठी निम्मे रस्ते बंद, गल्लीबोळातनं कसा पोचलो ते मलाच माहीत. संध्याकाळपर्यंत सलाईनमधनं ग्लुकोज दिलं, कारण हे इन्सुलिन बरेच तास काम करत राहतं, मधानं वर आलेली शुगर परत खाली येऊ शकते. रात्री त्याला घेऊन परतलो तेव्हा सगळी दुनिया कपिलेश्वर तलावाकडं चाललेली आणि आम्ही उलट दिशेनं.

त्याच रात्री डब्यावर मिशा काढल्या. नारिंगी सिरिंजचं एक जादा पाकीट आता कायम त्यातच असतं.

आता जेवण, म्हणजे खरी डोकेदुखी. सुई काय, वीस सेकंदांचं काम. पण शुगर झालेल्या बोक्याला दूध-चपाती नको, भात नको, आणि तो जो दिवसभर वाटीत भरून ठेवायचा कोरडा दाणा, तो पण नको, त्यात कार्ब, म्हणजे पिठाचा-साखरेचा भाग, भरपूर असतात. ओलं खाणं हवं, प्रोटीन जास्त, कार्ब कमी. पाकिटावर कार्ब छापतच नाहीत बहुतेक, म्हणून वजाबाकी करायची. आमच्या पाउचवर प्रोटीन ११, फॅट साडेचार, पाणी ८०, फायबर अर्धा, राख (म्हणजे क्षार) २ असं होतं, बेरीज ९८, म्हणजे कार्ब उरलं दोन टक्के. चालतं. कोरड्या दाण्याची अशीच वजाबाकी केली तर तीसच्या पुढं गेलं. मला वाटायचं घरचं चिकन उकडून द्यावं म्हणजे झालं, पण नुसत्या बोनलेसवर मांजराचं भागत नाही, कॅल्शियम, टॉरिन (मांजराला खाण्यातनंच मिळावं लागतं ते एक द्रव्य) असलं बरंच कमी पडतं, म्हणून पाउच हेच जेवण आणि उकडलेलं चिकन किंवा बांगड्याचा तुकडा वरनं, लाडासाठी. रविवारी कॅम्पातनं मासे आणले की तो पिशवीच्या आधी घरात. आणि एक, खाणं बदलायचं तर डॉक्टरांना सांगून आणि हळूहळू. कार्ब कमी झाले की इन्सुलिन पण कमी लागतं, डोस तोच ठेवला तर परत कपाटामागचा प्रकार.

हे सगळं घरात झालं, पण गल्लीचं काय? चार घरांचं खातं कोण बंद करणार? खालच्या काकू वाटीभर दूध ठेवायच्या, कोपऱ्यावरचा बेकरीवाला खारीचा चुरा, आणि आई, जिला सगळं कळतं, ती पण टेबलाखालनं चपातीचा तुकडा सरकवायची. "एवढ्याशानं काय हुतंय?" हे वाक्य ती स्वतःच्या चहातल्या साखरेबद्दल पण बारा वर्षं म्हणालीय. शेवटी गुंड्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला पाटी. वर मराठीत, मला शुगर आहे, खायला घालू नका. खाली काकूंनी स्वतःच्या हातानं तेच कन्नडमध्ये, ननग शुगर ऐति, ऊटा हाकबॅड्री. मराठी वर का, कन्नड खाली का, ह्यावर गल्लीत दोन दिवस चर्चा. बोक्याच्या गळ्यातली पाटी सुद्धा सुटली नाही. पण दूध बंद झालं.

सकाळी साडेसहा, संध्याकाळी साडेसहा, आधी खाणं, मग सुई. खाल्लंच नाही तर नेहमीचा डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना फोन. ओकालंय, पडून आहे, खात नाही, असं असेल तर लघवीत किटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की तयार होतात ते) बघायची पट्टी मिळते ती लावायची आणि वाट बघत बसायचं नाही. सुरुवातीला लग्नकार्य सगळं ह्या साडेसहावर अडायचं, खानापूरला मेव्हण्याच्या साखरपुड्यातनं मी जेवण सोडून उठलो तर सासरे म्हणाले, काय जावई, बोक्याला इंजेक्शन? त्यांच्या टोनमध्ये जे होतं ते असूदे. आता बायको शिकली, आई पण शिकली, फक्त आईला टोपीचा रंग मोठ्यानं म्हणायला लावतो. नारिंगी. मगच टोचायचं.

वळवाच्या पावसात एकदा रात्रभर करंट नव्हता, तेव्हा दोघांचं इन्सुलिन स्टीलच्या डब्यात घालून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलं होतं. फ्रीजरमध्ये मात्र कधी नाही, गोठलं की फेकायचं.

कान टोचायचं तंत्र सांगायचं राहिलंच. मोज्यात तांदूळ भरून तव्यावर कोमट करायचे, कानाला धरायचे, कानाच्या कडेनं एक बारीक शीर दिसायला लागते, तिच्या बाजूला टोचायचं. आधी व्हॅसलीनचं बोट फिरवलं की थेंब केसांत पसरत नाही, मण्यासारखा उभा राहतो. मग बक्षीस, चिकनचा एक तुकडा. आता मोजा दिसला की तो स्वतः येऊन बसतोय.

पाय सुधारलेत, परत टाच उचलून चालतोय. डोस अर्ध्या युनिटवर आलाय. लवकर आणि नीट उपचार झाले तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतं पण, डॉक्टर म्हणालेत बघू, मी पण विचारत नाही फारसं.

आकडे लिहायला एक वही आहे, डाव्या बाजूला गुंड्या, उजव्या बाजूला आई, कारण मीटर एकच, सुया वेगळ्या. आज सकाळी गुंड्या १३२, आई १८६. आईनं चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले, वही मिटली आणि गुंड्याला म्हणाली, "जा जा, लई शहाणा झालास." चहा मात्र बिनसाखरेचा घेतला. नंतर डब्यातला कुंदा खाल्ला ते मी बघितलंय.