जेजू बेटावर जेवायचं कुठे? वाट, वेळ आणि ताटाविषयी

दक्षिण कोरियातल्या जेजूला जाणाऱ्यांना पहिला सल्ला: मोठं जेवण दुपारी उरका. समुद्राकाठची छोटी खानावळवजा दुकानं लवकर बंद होतात. बरीचशी तीन ते पाचच्या सुमारास विश्रांती घेतात आणि संध्याकाळी शेवटची ऑर्डरही आपल्या सवयीच्या मानाने फारच लवकर घेतात. साडेआठला "चला आता जेवायला" म्हणून निघणाऱ्या पुणेकराला इथे चोवीस तास चालणाऱ्या दुकानातल्या त्रिकोणी किंबापवर, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भातावर, रात्र काढावी लागते. तोही वाईट नसतो म्हणा.

बरोबर आई होती. ती मासे आवडीने खाते, पण डुकराचं मांस खात नाही. जेजूत ही मोठीच अडचण, कारण बेटाची ओळखच काळ्या डुकराच्या मांसावर उभी आहे. जेजू शहरात त्यासाठी एक अख्खी गल्ली आहे. टेबलातल्या शेगडीवर जाड तुकडे भाजतात आणि निखाऱ्यांवरच तापत ठेवलेल्या खारवलेल्या मांदेलीसारख्या माशाच्या चटणीत, म्हणजे मेलजतमध्ये, बुडवून खातात. चव झकास. गल्लीतले दर मात्र पर्यटकांचे, आणि तसंच मांस दोन रस्ते पलीकडे स्थानिकांच्या गर्दीत मिळतं. ऑर्डर बहुधा किमान दोन माणसांची घेतात किंवा 'गन'वर, म्हणजे सहाशे ग्रॅमवर देतात. एकटं फिरणाऱ्याने हे आधीच विचारावं.

एकट्यासाठी खरी सोय गोगी-गुक्सूची. डुकराच्या हाडांच्या पांढुरक्या रश्श्यात गव्हाच्या जाडसर शेवया आणि वर उकडलेल्या मांसाचे काप. लोककला व निसर्ग इतिहास संग्रहालयाजवळ अशा दुकानांची रांगच आहे. साधारण दहा हजार वॉनच्या आसपास, म्हणजे ढोबळमानाने सहाशे रुपयांत पोट भरतं. सर्वात लांब रांगेचं दुकान सोडून शेजारच्यात बसलो आणि काही बिघडलं नाही.

आईचं जेवण मात्र खऱ्या अर्थाने जमलं ते पूर्वेला. जेजू शहरातून २०१ नंबरची बस पूर्व किनाऱ्याने सोंगसानमार्गे सोग्विपोला जाते. पश्चिम किनाऱ्यासाठी २०२. टी-मनी हे बसभाड्यासाठी पैसे भरून ठेवायचं कार्ड घ्या, चढताना आणि उतरतानाही टेकवा. सोंगसान इल्चुलबोंग या ज्वालामुखीच्या सुळक्याजवळ ओजो-री गाव आहे. तिथे हेन्यो, म्हणजे ऑक्सिजनच्या नळकांड्यांशिवाय समुद्रात बुड्या मारणाऱ्या बायकांचं जेवणघर आहे. हेन्यो संस्कृतीला २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं; आज बुडी मारणाऱ्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या आहेत. इथे जॉन्बोक-जुक मागवा. हा अबालोन शंखाचा भात, आपल्या मऊ भातासारखा, फक्त शंखाच्या आतड्यांमुळे हिरवट. रंग पाहून बिचकू नका. आईने वाटी पुसून खाल्ली आणि "मीठ बेताचं आहे, पण बरं आहे" असा निर्णय दिला. आमच्याकडे ही मोठी शाबासकी.

गाल्ची हा जेजूचा दुसरा लाडका मासा. ताटात आला तेव्हा आईने लगेच ओळखला: "अरे, हा तर बळाच की!" लांब, चपटा, चांदीच्या पट्ट्यासारखा. आपल्या बळ्याचाच भाऊबंद. जोरिम म्हणजे मुळा, बटाटा आणि तिखट मसाल्यात शिजवलेला. हा भातावर घेऊन खायचा. भाजलेलाही मिळतो, पण अख्ख्या लांबीचा मासा टेबलावर मांडणारी दुकानं त्या दिखाव्याचेही पैसे लावतात. काटे काढण्यात कोकणी माणसाला कुणी हरवू शकत नाही, तेव्हा जोरिमच घ्या. तोही दोघांच्या मापाने येतो.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी जारी-मुल्होए चाखावं. छोटे मासे हाडांसकट कच्चे कापून थंडगार पाण्यात भाज्यांबरोबर देतात. जेजूत त्यात परंपरेने सोयाबीनची आंबवलेली पेस्ट घालतात. कच्चा मासा न चालणाऱ्याने सरळ दुसरं काही मागवावं. डुक्कर, मासा दोन्ही नको असेल तर बेटाच्या मधल्या भागातलं ग्योरे-री गाव गावठी कोंबडीसाठी प्रसिद्ध आहे.

शाकाहाऱ्यांना खरं सांगायचं तर कठीण आहे. टेबलावर फुकट आणि पुन्हा पुन्हा मिळणाऱ्या छोट्या वाट्यांतल्या किमचीतही खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. "गोगी पेगो जुसेयो" म्हटलं की बिबिमबाप या भाज्या घातलेल्या भातातलं मांस काढतील, रश्श्यातलं काढता येत नाही. थेपले आणि मेतकूट बॅगेत हवंच.

जेजू शहरातला दोंगमुन बाजार दिवसा पाहा. फळं, कापून ठेवलेला ताजा मासा, ओमेगी-तोक नावाचे ज्वारी-बाजरीच्या कुळातल्या धान्याचे गोळे, वर लाल चवळीसारख्या दाण्यांचा थर. दिवेलागणीला आठ क्रमांकाच्या दाराकडे गाड्या लागतात, ज्वाळांनी मांस भाजण्याचा तमाशा असतो. तो बघावा, खाणं वाटून घ्यावं. हिवाळ्यात संत्री, नंतर हल्लाबोंग नावाची मोठी संत्री. पिशवीभर घेतलीत तरी परतायच्या आधी संपतात.

उदो बेटावर शेंगदाण्याचं आईस्क्रीम मिळतं. सोंगसान बंदरातून बोटीने पाव तास लागतो, पासपोर्ट जवळ ठेवा. वारा वाढला की बोटी बंद होतात, म्हणून उदो शेवटच्या दिवसासाठी राखू नका.

चालत वाट शोधायला गुगल मॅप इथे कामाचा नाही; नेव्हर मॅप हे कोरियन नकाशांचं आणि पापागो हे भाषांतराचं अ‍ॅप उतरवून घ्या. चमचे-काड्या टेबलाच्या कडेच्या खणात असतात, पाणी आपलं आपण घ्यायचं, बोलवायला टेबलावर बटण असतं. टीप द्यायची पद्धत नाही.