विंचवाच्या बिऱ्हाडातलं कपाट

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आणि त्यात कपाट नसतं. माणूस मात्र गाडीमागे घर जोडून निघाला तरी कपाटावाचून त्याचं चालत नाही. अमेरिकेत ज्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात त्यातल्या लहानशा, 16-17 फुटी, चाकांवरच्या खोलीत पलंग असतो, शेगडी असते, न्हाणीघर असतं आणि न्हाणीघराला खेटून एक अरुंद, उंच कपाट असतं. दार उघडावं तर वर एक आडवा दांडा आणि खाली नुसती पोकळी. दांड्याला चार सदरे लटकतात. त्यांच्या खाली, जिथे खरी जागा आहे तिथे, कपडे, चपला, टॉर्च आणि लागली तर असू दे म्हणून घेतलेली छत्री यांचा ढीग. दीडशे मैलांच्या प्रवासानंतर त्या ढिगातून एका जोडीचे दोन्ही मोजे एकाच वेळी मिळाले तर नशीब.

इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आसपास अशा गाड्यांचे कारखानेच कारखाने आहेत. तिथल्या लोकांना फळ्या ठोकता येत नाहीत असं थोडंच आहे! पण फळीला लाकूड लागतं, मजुरी लागते, आणि वजन वाढतं. पत्रकावर रिकाम्या गाडीचं वजन जितकं कमी तितकी ती लहान मोटारीला ओढता येणार, म्हणजे गिऱ्हाईक वाढणार. म्हणून दांडा देऊन मोकळं व्हायचं. पुढचं ज्याचं त्यानं बघावं.

पुढचं बघायला गेलेला माणूस बहुधा घरातल्या कपाटाचा हिशेब घेऊन जातो आणि तिथेच फसतो. आपल्याकडे फळीचा भार भिंतीनं घ्यायचा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. जुन्या वाड्यात तर कोनाडा आणि फडताळ भिंतीच्या पोटातच असायचं, भिंत हातभर जाड. ट्रेलरची भिंत म्हणजे पापुद्रा. आतून जे लाकूड दिसतं ते लुआन नावाचं एका सुताचं, म्हणजे 3 मिलिमीटरचं प्लायवूड, आणि त्याच्यावरचं लाकडाचं पोत हा छापील व्हिनाइल कागद. मागे फूट-दीड फुटावर एखादी दीड इंची लाकडी किंवा अॅल्युमिनियमची पट्टी, मधे थर्माकोलसारखा फोम नाहीतर काचतंतूंची गादी. भिंतीला कान असतात म्हणतात; या भिंतीला हाडं मोजकीच असतात. नुसत्या लुआनमध्ये पिळलेला स्क्रू हाताला घट्ट लागतो, आणि पहिल्या खडबडीत रस्त्यावर भोक रुंद करून बाहेर येतो. फळीखालच्या सैल झालेल्या पट्टीला मग लोक बांधकामाचा जाड गोंद लावतात. गोंद उत्तम धरतो, पण धरतो कागदाला, आणि कागदाची प्लायवूडवरची पकड यथातथाच असते. पट्टी सुटते तेव्हा गोंद, कागद, सगळं चामडी सोलल्यासारखं एकत्र येतं.

तेव्हा एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. इथली फळी भिंतीला टांगायची नाही, जमिनीवर उभी करायची. भिंतीनं तिला फक्त कलंडू द्यायचं नाही.

यासाठी डोळ्यांसमोर जेवणाचा डबा आणावा. वरचा कप्पा खालच्याच्या खांद्यावर बसतो, खालचा त्याच्याही खालच्याच्या, आणि बाजूची कडी नुसती सगळ्यांना एका रांगेत धरते. कपाटातही तसंच करायचं. पाऊण इंच जाड, दीड इंच रुंद पाइनची पट्टी घ्यावी. अमेरिकेतल्या दुकानात तिला एक-बाय-दोन म्हणतात, पण रंधा मारल्यावर ती पाऊण-बाय-दीडच उरते, नावावर जाऊ नये. कपाटाच्या उजव्या भिंतीशी, पुढे एक आणि मागे एक, असे 10 इंचांचे दोन उभे तुकडे जमिनीवर टेकवायचे. त्या दोघांच्या डोक्यावर कपाटाच्या खोलीइतकी आडवी पट्टी, दीड इंची बाजू उभी ठेवून. तिच्यावर परत 10 इंचांचे दोन उभे तुकडे, परत आडवी पट्टी. डाव्या भिंतीशी हेच. झालं. फळीवर कितीही भार आला तरी तो तुकड्यातुकड्यांतून सरळ खाली उतरतो. स्क्रू नुसते पाहुण्यासारखे.

या रचनेत एक गंमत आपोआप साधते. ट्रेलर अंगणात उभा असतो तेव्हा तो क्वचितच सपाटीत असतो, त्यामुळे पाणसळ लावून फळी समतल केली तर ती पृथ्वीशी समतल होते आणि कपाटाशी तिरकी. ओळंब्याचंही तेच. इथे माप घ्यायचं ते गाडीच्या जमिनीपासून. आठही उभे तुकडे एकत्र धरून एकाच लांबीचे कापले की पाणसळीचं नावच काढायला नको. मात्र कपाटाची जमीन आधी तळव्यानं जोर देऊन दाबून बघावी. बऱ्याचदा ती खरी जमीन नसतेच. खालून चाकाचं घर किंवा पाण्याचे पाइप गेलेले असतात आणि वर पातळ प्लायवूडचं झाकण. दबत असेल तर अर्ध्या इंची प्लायवूडचा तुकडा आधी अंथरावा, आणि तो उचलता येईल असाच ठेवावा. कारण पाइपाचा सांधा गळायला लागेल तो नेमका त्याच्याच खाली.

स्क्रूची लांबी हा पुढचा सापळा. सव्वा इंची स्क्रू पाऊण इंची पट्टीतून गेला की अर्धा इंच भिंतीत शिरतो. बाहेरच्या भिंतीत, तिथे लाकडी पट्टी असेल तर, हे माप बरोबर. पण न्हाणीघराकडची आडभिंत कधीकधी जेमतेम अर्धा इंच जाड असते, आणि पलीकडे शॉवरच्या पत्र्यातून टोक डोकावतं. तिथे एक इंचीच स्क्रू घ्यावा. आडभिंतीची जाडी दाराच्या कडेला दिसते, नाहीतर दिव्याच्या बटणाची चौकट दोन स्क्रू काढून सैल केली की कळते. ड्रिलच्या पात्याला हव्या त्या खोलीवर रंगीत टेप गुंडाळावी आणि टेप भिंतीला टेकली की थांबावं. भिंतीतली हाडं शोधायला लहानसं पण जोरदार लोहचुंबक पुरतं. ते आतल्या पिना आणि स्क्रूच्या डोक्यांवर चिकटतं. अॅल्युमिनियमला चिकटत नाही, पण अॅल्युमिनियम धरणारे स्क्रू लोखंडीच असतात. विजेच्या तारा आणि पाण्याच्या नळ्या भिंतीतून कुठून गेल्या असतील याचा अंदाज बटणं, प्लग आणि नळ कुठे आहेत त्यावरून बांधावा. स्कॅम्पसारख्या फायबरग्लासच्या अंडाकृती गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे बाहेरचं कवच हीच भिंत. त्यात एक स्क्रू आरपार गेला की पावसाला वाट मिळाली. अशा गाडीत कवचाला हातच लावू नये. आतल्या आडभिंतींच्या आधारावर काम भागवावं.

आता माप. धरा, कपाट आतून 20 इंच रुंद, 22 इंच खोल, 62 इंच उंच. दार मात्र 15 इंचांचं, कारण पुढे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंचांची चौकट आहे. बाहेर बसून, गोंद लावून, पॉलिश करून सुबक मांडणी बनवायची आणि ती आत नेताना दारात अडकायची, हा या कामातला सगळ्यात जुना विनोद आहे. म्हणून सगळं सुटं न्यायचं आणि आत जोडायचं, खालून वर. 62 इंचांतले वरचे 38 सदऱ्यांना सोडले तर खाली दोन फळ्यांपुरते 24 उरतात, आणि लहान गाडीला दोन पुष्कळ झाल्या.

कपाट काटकोनात असेल असं समजू नये. गुण्या लावून बघितला की मागचे कोपरे कुठे पळतात ते दिसतं. प्रत्येक फळीसाठी रुंदी पुढे एकदा आणि मागे एकदा मोजावी, खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना कापून आत बसवून बघावा आणि मगच प्लायवूडवर करवत चालवावी. फळी मोकळ्या मापापेक्षा एक सूत कमी. अमेरिकन टेपवर इंचाच्या सोळा रेघा असतात, त्यातल्या दोन म्हणजे आपलं एक सूत. सुताराच्या पोराला हे सांगावं लागत नाही. सूत सोडलं नाही तर फळी बसते, पण गाडी चालू झाली की भिंतीवर घासून सारखी कुरकुरते.

फळीला पाव इंची प्लायवूड पुरे. ऐकायला पातळ वाटतं. खालच्या फळीच्या चारही कोपऱ्यांना पाऊण-बाय-दीड इंचाच्या खाचा पाडायच्या, म्हणजे ती उभ्या तुकड्यांच्या मधे अडकून बसते आणि पुढेमागे सरकत नाही. पुढच्या कडेवर तीच पाइनची पट्टी उभी ठेवून लाकडाच्या गोंदानं चिकटवायची आणि खालून, प्लायवूडमधून, एक इंची चार स्क्रू मारायचे; स्क्रूआधी बारीक भोक, नाहीतर पाइन चिरतो. ही दीड इंचांची कड दोन कामं करते. वस्तू दाराकडे येऊ देत नाही, आणि पातळ फळीला कण्यासारखी ताठ ठेवते. मागच्या कडेलाही तशीच एक पट्टी. घरातली स्टीलची मांडणी आठवा: तिच्या पुढे आडवी सळी असतेच. ती नसती तर ताटं भूकंपाची वाट बघत बसली नसती. इथे तर भूकंप रोजचा, आणि आपणच तो मोटारीमागे बांधून नेतो.

फळी आडवी करून दारातून जात नाही. उभी करून आत न्यायची, बाजूला कलती धरायची आणि हळूहळू आडव्या पट्ट्यांवर उतरवायची. त्यासाठी वरची जागा मोकळी हवी, म्हणून खालची फळी बसल्याशिवाय वरच्या पट्ट्या ठोकू नयेत. उतरली की दोन्ही बाजूंना वरून एकेक स्क्रू आडव्या पट्टीत. फळी केवळ पुढेमागे सरकते असं नाही, ती उडतेही. चाकाच्या आसाच्या बरीच मागे कपाट असेल तर जास्तच.

एवढ्याला सामान किती? 8 फुटी पट्ट्या तीन, पाव इंची प्लायवूडचा 2 बाय 4 फुटी एक तुकडा, स्क्रू साठेक, गोंदाची एक लहान बाटली. सगळं मिळून भरतं 4 किलोच्या आसपास. याच मापाच्या दोन फळ्या पाऊण इंची एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेल्या पाटाच्या, केल्या तर नुसत्या फळ्याच साडेसात किलोंच्या वर जातात, आणि ओल लागली की फुगतात त्या वेगळ्या. एमडीएफला ट्रेलरमध्ये जागा देऊच नये, हे मत कोणाला कडक वाटलं तरी बदलण्यासारखं नाही.

वजनाचा प्रश्न फळीपाशी संपत नाही. फळी झाली की ती भरते, हा जगातल्या सगळ्या फळ्यांचा स्वभाव. ट्रेलरच्या दाराशी एक चिकटपट्टी असते, त्यावर सामानाची कमाल मर्यादा लिहिलेली असते, आणि त्या मर्यादेत पाण्याची टाकीही धरतात. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो सामान. शिवाय गाडीच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार पुढच्या जोडावर यावा लागतो. कपाट मागच्या टोकाला असेल आणि त्यात डबाबंद अन्न, हत्यारं, पुस्तकं भरली तर हा भार हलका होतो आणि महामार्गावर ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. मागच्या कपाटात टॉवेल, स्वेटर, पांघरुणं. जड ते आसाजवळ, आणि खाली.

अमेरिकेतल्या मराठी घराची गाडी असेल तर कुकर नि डाळ-तांदळाचे डबे आसाजवळच्या पेटीत जातात, आणि तरी मिसळणाचा डबा कपड्यांच्या फळीवर चढतोच. हरकत नाही, पण तो दोन झाकणांचा असावा. आतलं झाकण वाट्यांच्या कडांवर दाबून बसणारं. नाहीतर मुक्कामाला पोचेपर्यंत हळद, तिखट, मोहरी सगळे एकाच रंगाचे झालेले असतात, आणि बनियनही.

हवा लोक विसरतात. दोन माणसं बंद गाडीत रात्रभर झोपली की त्यांच्या श्वासाची वाफ थंड बाहेरच्या भिंतीवर जमते, आणि भिंतीला टेकलेली कपड्यांची चळत मागून काळी पडते. फळीमागची पट्टी पाऊण इंच अंतर राखतेच. फळीत एक इंच व्यासाची पाच-सहा भोकं पाडली की खालची हवा वर जाते. कपाटाच्या तळाशी जाळीचं झाकण असेल तर मागे बहुधा विजेचं रूपांतर करणारी पेटी असते. ती गरम होते, पंखा फिरवते. तिच्यापुढे काहीही रचू नये.

दाराला लोहचुंबकाचा खटका असेल तर तो बदलावा; वस्तू आतून ढकलायला लागल्या की तो हार मानतो. दाबून उघडणारं बटण बरं. फळीवर रबरी जाळीचा तुकडा अंथरावा. दांड्यावरचे हँगर उड्या मारून खाली येतात, त्यांच्यावर फोमची चिरलेली नळी बसवली की गप्प होतात.

मग पहिल्या प्रवासात 50 मैलांवर थांबून सगळे स्क्रू एकदा हातानं आवळावेत. आणि तिथे कपाटाचं दार उघडताना एकदम उघडू नये. दुसरा हात फटीत घालून, आतलं काय टेकलंय ते चाचपत उघडावं.